शेवंताबाईला बोलावणं

छावणीतल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत कुणी मेलं असं सरळ म्हणत नसत. "शेवंताबाईला बोलावणं गेलं," म्हणत. नळावर एक बाई दुसरीला हळूच विचारायची, काय गं, शेवंताबाईला बोलावलं का, आणि दुसरीनं मान हलवली की पहिली हातातली घागर खाली ठेवून डोक्यावर पदर घ्यायची. ती शेवंताबाई म्हणजे माझी आई. वस्तीतली कुठलीही बाई किंवा लेकरू गेलं की त्याला शेवटची आंघोळ घालायची, केस विंचरायचे, हनुवटी पट्टीनं बांधायची, पांढरे कपडे चढवायचे आणि मग पेटीत ठेवायला माणसांना आत घ्यायचं, हे सगळं आईनं करायचं असं कधी आणि कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. ती दवाखान्यात आया होती, तिला माणसाच्या देहाची किळस नव्हती, एवढं निमित्त लोकांना पुरलं असावं. पहिल्यांदा कुणीतरी हाक मारली तेव्हा ती गेली, आणि मग जातच राहिली.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, पुढं चार हात ओटा. पलटणीचा बिगूल वाजला की आई उठायची आणि रॉकेलचा स्टो पेटवायची. त्या स्टोची घरघर आणि परातीत भाकरी थापल्याचा आवाज, आमच्या घरात बोलणं असं तेवढंच. वडील चितेगावच्या कारखान्यात पाळीला जात, पैठण रोडवरून येण्याजाण्यात त्यांचा जीव निम्मा व्हायचा, घरी आले की खाली मान घालून जेवत आणि तशीच झोपत. आईच्या हातची तशी अंबाडीची भाजी मी पुढं कुठंच खाल्ली नाही. कण्या घातलेली, वरून लसणाची फोडणी, आणि भाकरी इतकी गरम की बोटं भाजायची. पण त्या भाकरीला दवाखान्याच्या लाल साबणाचा बारीकसा वास असायचाच. फळीवर तिचं एक गाठोडं तयार असे, मांजरपाटाचं पांढरं कापड, कापूस, एक कंगवा, निलगिरीची बाटली. कापड संपलं की ती मला घेऊन शहागंजात जायची. एकदा तिथल्या दुकानदारानं कापड फाडता फाडता सहज विचारलं, "किसके वास्ते होना बाई?" आई म्हणाली, "नाम अभी मालूम नै." मला हसू आलं. दुकानदाराला नाही आलं.

रविवारी उपासनेला आई दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. मध्येच बोलावणं आलं तर उठून जाता यावं म्हणून, असं ती सांगायची. आमच्या मंडळीत तेव्हा प्रभुभोजनाचा प्याला एकच असे, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. आई सगळ्यात शेवटी पुढं जायची. मी लहान असताना ती कधीतरी मधल्या रांगेत उभी राहिली होती म्हणे, तेव्हा तिच्या मागच्या दोघीतिघी बायका एकदम काहीतरी आठवल्यासारखं करून मागं सरल्या. आई पुढच्या वेळेपासून आपणहून शेवटी थांबायला लागली. पाळकसाहेब एकदा सेवेवर उपदेश करत होते तर त्यांनी आमच्या बाकाकडं हात केला आणि म्हणाले, नम्रता बघायची असेल तर मागं वळून बघा. सगळी मंडळी मागं वळली. आई खाली बघत बसली आणि मी तिच्याशेजारी लाजेनं मेले. आता या वयात कळतं, तिला नम्र म्हणणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. एकदा नम्र म्हटलं की शेजारी बसवून घ्यायला नको.

कारण बारशाला, साखरपुड्याला, हळदीला तिला बोलावणं नसायचं. कुणी तोंडावर नको म्हणत नसे, आमची माणसं तशी वाईट नव्हती, फक्त निरोप आमच्या घरापर्यंत यायचा राहून जायचा. पोरी मला "पांढऱ्या कापडाची रुती" म्हणायच्या. आईला मात्र आजारी माणूस दिसलं की घरी बसवत नसे. शेजारच्या गल्लीत मरियाआजी तापानं पडली होती, आई पदर खोचून तिच्यासाठी मुगाचं कढण घेऊन गेली. म्हातारी आईला दारात बघून भिंतीकडं तोंड करून रडायलाच लागली. "एवढ्यात कशाला आली गं तू? अजून हाय की मी." तिच्या सुनेनं कढण उंबऱ्यातच घेतलं. म्हातारी पुढं चांगली सहा वर्षं जगली, पण त्या दिवशी आई घरी येऊन ओट्यावर बसली ती बराच वेळ हात बघत बसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "जित्याची सेवा करायला गेलं की त्याला वाटतं मी मापं घ्यायला आले." आणि उठून कांदा चिरायला लागली.

या सगळ्याला एकच अपवाद होता, सालूमावशी. तिचं नाव सालोमी. ती आणि आई एकाच आठवड्यात दवाखान्यात कामाला लागलेल्या, दोघी पोरसवदा, एकाच खाटेवर झोपलेल्या. पुढं सालूमावशीचं बरं झालं. नवरा कारकून मिळाला, घराला फरशी आली, मुलगा सॅम्युएलदादा चांगल्या नोकरीला लागला, शिक्षिका सून आली. पण रविवारी दुपारी ती आमच्या ओट्यावर यायचीच. दोघी भाजलेल्या शेंगा फोडत बसायच्या आणि हसायच्या. माझी आई खिदळू शकते हे मला फक्त त्या दुपारी कळायचं. सालूमावशी तिची टर उडवायची, "शेवंते, मी गेले ना, तर गार पाणी ओतू नको माझ्यावर. तुझी लई घाई असती." आई तिला शेंगांची टरफलं मारायची. दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती आईशी असलं बोलायची, आणि आईला ते किती हवं होतं हे मला तेव्हा समजलं असतं तर मी इथं हे लिहीत बसले नसते.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा सालूमावशीच्या पोटात दुखायला लागलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, घरच्यांशिवाय कुणाला आत सोडत नसत तिथं, बरेच दिवस ठेवून घरी पाठवलं, म्हणजे काय ते आईला न सांगता कळलं. पहिल्याच सकाळी आईनं कढण केलं, बकरीचं दूध आणलं आणि ड्यूटी आहे म्हणून माझ्या हाती दिलं, संध्याकाळी मी येते म्हणावं. प्रमिलावहिनी, म्हणजे मावशीची सून, मला दारातच भेटली. तिनं मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, कपबशीत चहा दिला आणि समोर बसून मोठ्या माणसाशी बोलावं तशी बोलली. सासूबाईंना धीर देऊन ठेवलाय, बऱ्या होणार असंच सांगितलंय. तुझ्या आईला दारात बघितलं की त्यांचा धीर सुटेल, मरियाआजीचं काय झालं तुला ठाऊकच आहे. मी तुझ्या आईला कसं सांगू, मला जमणार नाही. "तू शहाणी मुलगी आहेस रूथ. तुला बरोबर सांगता येईल." मला रुतीऐवजी रूथ म्हणणारी ती पहिली. आता खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या घरात मला कुणी पांढऱ्या कापडाची म्हणत नव्हतं, शहाणी म्हणत होतं.

घरी येताना मी वाक्यं जुळवत होते. "आई, तुला बघून ती घाबरेल," हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? ते ऐकून ती पुन्हा ओट्यावर हात बघत बसली असती. म्हणून मी म्हणाले, डॉक्टरांनी कुणालाच भेटू द्यायचं नाही म्हटलंय, मावशीला बाहेरचे जंतू लागतील, मी डबा तेवढा दारात देऊन येत जाईन. आई दवाखान्यातली आया. डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर तिच्यासाठी विषय संपला. त्या दवाखान्यात जाऊन एखाद्या डॉक्टरला व्हरांड्यात गाठून विचारावं, साहेब, सालोमीला भेटू का, एवढंसं धाडस तिला जन्मात झालं नसतं, आणि हे मला पक्कं माहीत होतं. मंडळीला तिच्या नम्रतेची सोय होती म्हणाले ना मी वर? मलाही झाली. ती एवढंच म्हणाली, "व्हय, बरोबर हाय त्यांचं. दूध उकळून दे म्हणावं."

मग रोज शाळा सुटल्यावर डबा घेऊन जायचं माझ्याकडं आलं. मी दारात काही थांबत नव्हते. वहिनी मला आत बसवायची, पवित्र शास्त्रातला एखादा अध्याय मावशीला वाचून दाखवायला सांगायची, माझा आवाज चांगला आहे म्हणायची. सालूमावशी वाळून खाटेला लागली होती पण शुद्धीत होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, शेवंता कुठंय? मी म्हणाले, ड्यूटी आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिला ताप आलाय. घरी गेल्यावर आई विचारायची, कशी हाय गं? मी म्हणायचे, झोपूनच असते, औषधाच्या गुंगीत असते, कुणाला ओळखत नाही. इकडं एक, तिकडं एक. दोघींच्या मध्ये मी एकटीच ये-जा करणारी, त्यामुळं पकडलं जायची भीती नव्हती. आई रोज कढणात काहीतरी वेगळं घालायची, कधी जिरं, कधी थोडं आलं, आणि विचारायची, आवडलं का तिला? तिच्या जिभेला चव लागंल असं काय करू?

दहाएक दिवसांनी मावशीनं वहिनी स्वयंपाकघरात गेलेली बघून माझं मनगट धरलं. हाडाची पकड, पण सुटता सुटेना. तिनं मला विचारलं, ती रागावली ना माझ्यावर? मग तिनंच सांगितलं. नातवाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला पाव्हणे होते, प्रमिलाच्या माहेरची मोठी माणसं, तेव्हा तिनं शेवंताला म्हटलं होतं, तू सगळ्यांचं झाल्यावर मागच्या दारानं ये. आई गेली होती मागच्या दारानं, जेवून भांडीही घासून आली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आईनं घरी आल्यावर जेवण चांगलं होतं एवढंच सांगितलं होतं. "तिला म्हणावं, मला माफी मागायचीय," सालूमावशी म्हणाली. "मी काय मरायला भेत नाय. शेवटाला तिच्याच हातात जायचंय हे मला ठावं हाय. पर त्याआधी एकदा जवळ बसू दे. एवढा निरोप दे, रुती." मी हो म्हणाले. देते म्हणाले.

म्हणजे ती घाबरणार नव्हतीच. वस्तीत एक माणूस होतं जे आईला बघून भिंतीकडं तोंड फिरवणार नव्हतं, उलट तिला जितेपणी बोलावत होतं, आणि तो निरोप माझ्याकडं होता. मी त्या संध्याकाळी तो द्यायला पाहिजे होता. पण दिला असता तर आई विचारणार, अगं पण ती तर गुंगीत होती ना? डॉक्टर नको म्हणाले होते ना? मग मला सगळंच ओकावं लागलं असतं, आणि वहिनीच्या घरातली माझी खुर्ची गेली असती. मी स्वतःला म्हणाले, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही म्हणाले, उद्या. असे पाच दिवस गेले. मी निवृत्त झाल्यावर, गेल्या वर्षी, मंडळीनं माझा सत्कार केला, चाळीस वर्षं सिस्टर म्हणून रुग्णांची निःस्वार्थ सेवा केली म्हणून शाल पांघरली. बोलणारा म्हणाला, सेवेचा वसा यांनी आईकडून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नम्र आहेत, वर बघतसुद्धा नाहीत, असं कुणीतरी माझ्या मागं पुटपुटलं. वर कुठल्या तोंडानं बघू? मी माणसांचे बेडपॅन उचलले ते काही प्रेमानं नाही. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून उचलले, आणि त्यानं काहीसुद्धा फिटलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. सॅम्युएलदादा स्वतः आला. त्यानं "सलाम, मावशी" म्हटलं आणि बाहीनं डोळे पुसले. आईनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन फळीवरचं गाठोडं काढलं आणि मला म्हणाली, तूही चल, मोठी झालीस आता. तिनं मला त्या कामाला कधी नेलं नव्हतं. वाटेत ती माझ्यापुढं भराभर चालत होती आणि मला वाटत होतं, आत्ता सांगावं, आत्ता, त्या कोपऱ्यापर्यंत, मग त्या चिंचेपर्यंत. घर आलं. वहिनीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर वळवली. आम्ही दोघी आत गेलो आणि आईनं दार लावून घेतलं.

आईनं आधी पाणी तापवून मागितलं. कोपर बुडवून बघितलं, थोडं गार मिसळलं, पुन्हा बघितलं, तान्ह्या लेकराला करतात तसं. मग ती कामाला लागली. ती सालूमावशीशी बोलत होती. हात दे सालू, आता ह्या अंगावर हो, अशी किती वाळलीस गं, माझं कढण प्यालीच नाय वाटतं. मी तांब्या धरून उभी होते. ती माझ्याकडं न बघता मला दाखवत होती, कानामागं असं पुसायचं, बोटं अशी एकेक सोडवायची. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं पण हात थांबत नव्हते. केस विंचरून झाले, भांग पडला. तेव्हा ती कंगवा हातात धरून तशीच थांबली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"रुती, तू रोज येत व्हतीस. तिनं कधी माझं नाव काढलं का गं?"

दार बंद होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. याहून सोपं देवानं मला काय करून द्यायचं होतं? फक्त हो म्हणायचं. पण हो म्हटलं की पुढचं सगळं आलं, आणि ती कळवळून म्हणणार, मग तू मला का नाही सांगितलंस. केस विंचरलेला सालूमावशीचा तो चेहरा मधे होता. मी म्हणाले, "नाय."

आईनं मान हलवली. "असंल," म्हणाली. "लई दुखत असंल तिला. अशा दुखण्यात कुठं कुणाची आठवण येती." आणि तिनं हनुवटीची पट्टी बांधायला घेतली. माझ्यावर रागावली असती, सालूमावशीवर रागावली असती, तर मला धडा तरी मिळाला असता. ती कुणावरच रागावली नाही. आपलं नाव कुणी काढावं एवढी आपली पायरी नाही, हे तिनं इतक्या पटकन मान्य केलं, जणू तिला आधीपासून ठाऊकच होतं.

त्यानंतर आई बावीस वर्षं जगली. रविवारची दुपार झाली की ओट्यावर न बसता आत जाऊन पडायची. मी नर्सिंगला गेले, नोकरी लागली, लग्न झालं नाही, आणि ती बावीस वर्षं मी तेच उद्या म्हणत काढली. शेवटी ती अंथरुणाला लागली तेव्हा मी रजा काढून तिचं सगळं करत होते. बायका येऊन म्हणायच्या, अशी लेक मिळायला पुण्याई लागते. एका सकाळी नवे पाळकसाहेब प्रार्थनेला आले, तरुण होते, मंडळीतली चारपाच माणसं बरोबर होती. त्यांनी तिच्याजवळ बसून विचारलं, आई, मनावर काही ओझं आहे का? मला वाटलं ती नाही म्हणेल. तिच्या मनावर कसलं ओझं असणार?

ती म्हणाली, "सालू माझी मैतरीण. ती माझ्यावर नाराज होऊन गेली. माझं काय चुकलं ते मला इतक्या वर्षांत सापडलं नाय, पर चुकलं असणार. वर गेल्यावर आधी तिची माफी मागता यावी, एवढं मागा."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून प्रार्थना केली, हे प्रभू, तुझ्या या नम्र दासीनं सालोमीचा जो काही अपराध केला असेल त्याची तिला क्षमा कर. मी आईच्या उशाशी उभी होते, तिच्या डोक्याखाली माझा हात होता. तिच्यात अजून जीव होता, ती ऐकत होती, मी तोंड उघडलं असतं तर तिला सगळं कळलं असतं. आमच्यात प्रार्थना संपली की हजर असलेल्या प्रत्येकानं आमेन म्हणायचं असतं. आईनं म्हटलं, आलेल्या माणसांनी म्हटलं. मीही म्हटलं.